नियोजनाचा नकाशा आणि ग्रामस्थांची नोंद

प्रादेशिक आराखडा असो, किनारपट्टी व्यवस्थापनाची योजना असो वा ग्रामपंचायतीची वार्षिक विकास योजना असो, तिचा मसुदा तयार झाला की लोकांकडून सूचना व हरकती मागविण्यात येतात. कायद्याने दिलेला हा हक्क लहान नव्हे. परंतु तो बजावताना ग्रामस्थासमोर जी पहिली अडचण उभी राहते ती कायद्याची नसून नकाशाची असते. पंचायतीच्या भिंतीवर लावलेल्या रंगीत कागदात आपले शेत कोठे आहे, हेच प्रथम उमगत नाही. ते सापडले तरी त्याला दिलेला हिरवा, पिवळा वा तांबूस रंग म्हणजे काय, हे कळण्यासाठी कोपऱ्यातील बारीक अक्षरांची सूची वाचावी लागते. इतके झाल्यावर जी हरकत लिहावयाची ती मात्र कोऱ्या कागदावर. आणि अर्जातील 'तळ्याच्या वरच्या अंगाची जमीन' म्हणजे नकाशातील नेमकी कोणती, हे शोधण्याचे काम दूरच्या कचेरीत बसलेल्या आरेखकावर पडते. गावाला ठाऊक असलेले तळे त्याला ठाऊक नसते आणि त्याला ठाऊक असलेला नकाशा गावाला वाचता येत नाही.

हे अंतर कमी करण्यासाठी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक साधन पुढे आले आहे. ते म्हणजे पाहणाऱ्याला ज्यावर स्वतः खूण करता येते व मजकूर लिहिता येतो असा ऑनलाइन नकाशा. हे साधन कसे चालते, त्याचा उपयोग कोठे होतो आणि कोठे ते अपुरे पडते, याचा विचार गोमंतकातील गावे डोळ्यांसमोर ठेवून येथे करावयाचा आहे.

ज्या नकाशावर लिहिता येते

जुन्या काळी आरेखक मूळ नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर रस्ते, दुसऱ्यावर नद्या, तिसऱ्यावर वस्ती असे निरनिराळे पदर काढीत असत. ऑनलाइन नकाशाची रचना नेमकी तशीच असते. सर्वांत खाली उपग्रहचित्र, त्यावर भूमापनाचा नकाशा व सर्व्हे क्रमांक, त्यावर रस्ते व ओहोळ, आणि सर्वांत वर मसुद्यातील प्रस्ताव. कोणता पदर दाखवावयाचा व कोणता झाकावयाचा, हे पाहणाऱ्याच्या हाती असते. त्यामुळे 'येथे वसाहत प्रस्तावित आहे' असे दर्शविणारा रंग क्षणभर दूर सारून त्याखाली आज भातशेती आहे की काय, हे कोणालाही ताडून पाहता येते.

यापुढचा भाग महत्त्वाचा होय. पाहणाऱ्याला त्या नकाशावर तीन प्रकारच्या खुणा करता येतात. विहीर, मानस, देवळाकडील वड यांसाठी बिंदू. पाणंद, बांध, ओहोळ यांसाठी रेषा. आणि खाजन, कुळागर, गुरचरण यांसाठी बंदिस्त आकृती. खुणेसोबत चार ओळी लिहिता येतात, छायाचित्र जोडता येते. ही खूण जतन होते ती तिच्या अक्षांश-रेखांशांसह. म्हणजे मजकूर आणि जागा यांची ताटातूट होत नाही. टपालातून आलेल्या हजार अर्जांतून एकाच ओढ्याविषयीचे चाळीस अर्ज वेगळे काढावयाचे तर कारकुनाचे कित्येक दिवस जातात. नकाशावरील नोंदींतून तेच काम काही क्षणांत होते.

मोबाइलमध्ये दिसणारे स्वतःचे स्थान उपग्रहांच्या संदेशांवरून काढलेले असते. मोकळ्या जागी त्यात सामान्यतः काही मीटरांची चूक असते. दाट पोफळींच्या कुळागरात अथवा डोंगराच्या कुशीत ती वाढते. गावाचा रस्ता दाखविण्यास इतकी अचूकता पुरेशी आहे, दोन शेजाऱ्यांमधील मेरेचा तंटा सोडविण्यास मुळीच नाही. या नकाशावर केलेली खूण म्हणजे मोजणी नव्हे आणि तिने कोणाचा मालकीहक्क सिद्धही होत नाही, ही गोष्ट प्रारंभीच स्पष्ट केलेली बरी. अन्यथा सूचना मागवाव्यात आणि हाती यावेत ते भाऊबंदकीचे दावे, असे व्हावयाचे.

लोकांनी मिळून नकाशा तयार करण्याच्या चळवळीला मोठी चालना मिळाली ती 'ओपनस्ट्रीटमॅप' या उपक्रमामुळे. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या या नकाशात कोणालाही भर घालता येते. केनियाची राजधानी नैरोबी येथील किबेरा ही फार मोठी झोपडवस्ती. पण सार्वजनिक नकाशांवर तिची जागा जवळजवळ रिकामी होती. २००९ मध्ये तेथील तरुणांनी हाती यंत्रे घेऊन गल्ल्या पायी पालथ्या घातल्या आणि दवाखाने, शाळा, पाण्याचे नळ, शौचालये नकाशावर आणली. जी वस्ती नकाशावर नाही तिच्यासाठी नळाची योजना कोण आखणार, हा त्यामागील साधा विचार होता. संपन्न देशांतही हे साधन रुजले. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे नव्या नगर आराखड्यासाठी २०१३ मध्ये नागरिकांना नकाशावर खुणा करण्यास सांगण्यात आले. नवी घरे कोठे बांधता येतील आणि कोणती हिरवी जागा राखावी, असे ते प्रश्न होते. साडेतीन हजारांहून अधिक लोकांनी भाग घेतला आणि हजारो खुणा जमल्या.

गोमंतकाचा अनुभव

गावच्या नियोजनात नकाशाचे मोल काय, हे गोमंतकीयांना नव्याने सांगावयास नको. २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झाला, तेव्हा शेते, बागायती व डोंगरउतार यांवर वसाहतीचे रंग चढलेले पाहून लोक खडबडून जागे झाले. 'गोवा बचाव अभियान' या नावाने उभ्या राहिलेल्या आंदोलनानंतर जानेवारी २००७ मध्ये तो आराखडा मागे घेण्यात आला. त्यानंतर नेमलेल्या कृतिदलात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व नगरनियोजनतज्ज्ञ एडगर रिबेरो यांसारखी मंडळी होती. २०२१ सालापर्यंतचा जो नवा मसुदा २००८ मध्ये पुढे आला, त्याचे वैशिष्ट्य असे की गावागावांचे भूवापर नकाशे पंचायतींकडे पाठवून ग्रामसभांकडून सूचना मागविण्यात आल्या. गावोगावी समित्या बसल्या, लोक सर्व्हे क्रमांक घेऊन शिवारात फिरले, नकाशांवर पेन्सिलीने दुरुस्त्या झाल्या. एवढ्या विस्तृत प्रमाणावर नकाशा घेऊन ग्रामस्थांपर्यंत जाण्याचा तो प्रयत्न देशात उठून दिसणारा होता, यात शंका नाही.

हा आराखडा २०११ मध्ये अधिसूचित झाला, पुढच्याच वर्षी तो स्थगित ठेवण्यात आला, आणि भूवापराचे वाद त्यानंतरही चालूच राहिले. त्या साऱ्या इतिहासात येथे शिरावयाचे नाही. आपल्या विषयाशी संबंधित आहे ती एकच तक्रार. आपण दिलेल्या सूचना अंतिम नकाशात उतरल्या नाहीत, असे बऱ्याच गावांतून बोलले गेले. कोणत्या सूचनेचे काय झाले, ती मान्य का झाली अथवा अमान्य का झाली, हे एकेका नोंदीनिशी पाहण्याची सोय नसल्याने शंकेला जागा राहिली. पेन्सिलीने केलेली दुरुस्ती कागदाबरोबर गेली ती गेलीच. किनारपट्टी व्यवस्थापन योजनेच्या मसुद्यावर २०२१ मध्ये मार्चमध्ये व पुन्हा जुलैमध्ये जनसुनावणी झाली, तेव्हाही कोळीवाडे, बांध, मानशी नकाशावर नाहीत, असाच आक्षेपांचा मुख्य सूर होता. संकेतस्थळावर नकाशा ठेवणे म्हणजे तो लोकांपर्यंत पोचविणे खरे. पण त्यावर लिहिता येत नसेल तर ती भिंतीवरच्या कागदाचीच सुधारलेली आवृत्ती होय.

उपग्रहाला न दिसणारे गाव

आकाशातून घेतलेल्या चित्रात सारेच दिसते, मग ग्रामस्थांकडून आणखी काय जाणून घ्यावयाचे, असा प्रश्न काही अधिकारी विचारतात. त्याचे उत्तर कोकण किनाऱ्याच्या हवामानातच आहे.

जून ते सप्टेंबर आभाळ ढगांनी भरलेले असते. त्यामुळे नेहमीच्या उपयोगातील बहुतेक स्वच्छ उपग्रहचित्रे पावसाळ्यानंतरच्या कोरड्या महिन्यांतील असतात. एप्रिल-मे महिन्यांत खाजनाचे चित्र घ्यावे तर ते करडे, ओसाड, जणू पडीक दिसते. कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे भात याच जमिनीत पावसाळ्यात उभे असते, हे त्या चित्रावरून कळण्याचा संभव नाही. डोंगरपायथ्याच्या झरींचेही तेच. झर झाडीखाली असते, ती कोणत्या महिन्यापर्यंत वाहते हे चित्र सांगत नाही, आणि तिच्या पाण्यावर खालची किती कुळागरे उभी आहेत हे तर नाहीच नाही. सड्यावरील कातळ वरून उघडा-बोडका दिसतो. पावसाचे पाणी तेथेच मुरून पायथ्याच्या विहिरींना मिळते, ही माहिती त्या गावच्या म्हाताऱ्या माणसांपाशी असते. किनाऱ्यावर रापणीच्या होड्या ओढून ठेवण्याची व जाळी वाळत घालण्याची जागा चित्रात निव्वळ रिकामी वाळू म्हणून उमटते.

खाजनाचे उदाहरण थोडे अधिक विस्ताराने पाहू. भरतीच्या वेळी चढणारे नदीचे खारे पाणी बांधाने अडवून आणि मानशीच्या झडपांनी त्याची ये-जा ताब्यात ठेवून शेकडो वर्षांपूर्वी ही शेती उभी केली गेली. आतील बाजूस पोयीत पाणी खेळते, तेथे मासळी मिळते; वरच्या भागात भात होते. बांध, मानस, पोय व शेत हे एकच यंत्र आहे. त्यातील एका भागावर भराव पडला तर पाणी दुसरीकडे घुसते. बांध फुटून खारे पाणी शेतात राहिले तर ती जमीन पुढील काही हंगाम भाताला मुकते. आता नियोजनाच्या नकाशात मानस हा जेमतेम एक ठिपकाही नसतो. तो ठिपका कोठे आहे, झडपा चालू आहेत की कुजल्या आहेत, भरतीचे पाणी कोणत्या बाजूने येते, हे सांगू शकतो तो तेथील कूळ-शेतकरी आणि मानशीवर मासळी धरणारा. अशा तीस-चाळीस नोंदी नकाशावर आल्या की आरेखकाला त्या ठिपक्यांमागील व्यवस्था दिसू लागते; मग तेथून रस्ता नेण्यापूर्वी तो दोनदा विचार करील.

आणखी एक तांत्रिक बाब आहे. गोव्यातील भूमापन मुक्तीनंतर, प्रामुख्याने १९६८ च्या जमीन महसूल संहितेनुसार झाले. कागदावर काढलेले ते नकाशे आज उपग्रहचित्रावर बसविले जातात तेव्हा ते सर्वत्र तंतोतंत जुळतातच असे नाही. कोठे मेर सरकते, कोठे वहिवाटीचा रस्ता शेजारच्या सर्व्हे क्रमांकात गेलेला दिसतो. यास्तव खूण करताना केवळ चित्रावर विसंबू नये. एक-चौदाच्या उताऱ्यावरील सर्व्हे व उपविभाग क्रमांक मजकुरात अवश्य लिहावा.

नोंद कशी लिहावी

समजा, एखाद्या ग्रामस्थाने नकाशावर बिंदू ठेवून लिहिले की 'येथे इमारती नकोत'. भावना कळली, पण नियोजन अधिकाऱ्याला त्यावरून काहीच ठरविता येत नाही. त्याच जागी दुसऱ्याने बंदिस्त आकृती काढून असे लिहिले की हा उतार सर्व्हे क्रमांक अमुकमध्ये येतो, त्याखाली गावाची झर आहे, तिचे पाणी एप्रिलअखेर टिकते, खालच्या वाड्यावरील घरे त्यावर अवलंबून आहेत, वरच्या बाजूस माती कापल्यापासून पहिल्या पावसात पाणी गढूळ येते. आणि सोबत झरीचे छायाचित्र जोडले. ही नोंद बाजूला सारावयाची तर अधिकाऱ्याला कारण द्यावे लागेल. जागा, क्रमांक, हंगाम, कोणाचा उपयोग आणि काय बिघडेल, एवढे मजकुरात आले की काम झाले. भाषा सुंदर असण्याची गरज नाही, आणि ती मराठी असावी की कोंकणी हाही प्रश्न नसावा. स्थळांची गावठी नावे मात्र जशी बोलली जातात तशीच लिहावीत. ती नावेच पुष्कळदा जमिनीचा पूर्वेतिहास सांगतात. ज्या जागेच्या नावात तळे आहे तेथे आज तळे दिसत नसले तरी पावसाळ्यात पाणी कोठे जमेल, याचा तो इशारा असतो.

शाळांना या कामी मोठा वाव आहे. आठवी-नववीचे विद्यार्थी भूगोलात प्रमाण, दिशा व खुणा शिकतात. त्यांनी शिक्षकांसह एक दिवस गावात फिरून सार्वजनिक विहिरी, तळी व पाणंदी नकाशावर आणल्या तर पाठही होतो आणि पंचायतीचे कामही. केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाचा 'ग्राम मानचित्र' हा नकाशा २०१९ पासून पंचायतींसाठी उपलब्ध आहे. ग्रामपंचायत विकास योजना तयार करताना गावातील मालमत्ता व सोयी त्यावर पाहता येतात. पंचायत सचिवांनी किमान एका ग्रामसभेत तो पडद्यावर दाखवावा.

खुणा मोजाव्यात की वाचाव्यात

या साधनाचा एक मोह असा की खुणा आपोआप मोजल्या जातात. जेथे त्या दाटीने पडतात तेथे नकाशा लाल होतो आणि पाहणाऱ्याला वाटते की गावाची गरज तेथेच आहे. वस्तुतः तो रंग एवढेच सांगतो की खुणा करणारे लोक तेथे अधिक आहेत. बाजाराच्या रस्त्यावरील खड्ड्याविषयी शंभर नोंदी येतील, कारण तेथून जाणाऱ्या शंभरांच्या हाती मोबाइल आहे. डोंगरमाथ्यावरील धनगरवाड्यातून पायवाट वाहून गेल्याची एकही नोंद येणार नाही, कारण तेथे मोबाइलला सिग्नलच पोचत नाही. म्हणून ही नोंदणी मतदान समजू नये. एका बाईने लिहिलेली एका विहिरीची नोंद ही शंभर नोंदींइतकीच काळजीने वाचली गेली पाहिजे.

ज्यांच्या हाती साधन नाही त्यांच्यासाठी जुनाच उपाय सर्वांत खात्रीचा आहे. नकाशाची मोठी छापील प्रत वाड्यावाड्यांवर न्यावी, देवळाच्या मंडपात वा चॅपलच्या आवारात ती अंथरावी, वडीलधाऱ्यांना बोटाने दाखवू द्यावे, आणि तरुणांनी ती माहिती मोबाइलवर भरावी. स्त्रियांची बैठक शक्यतो वेगळी घ्यावी. पाणी, सरपण आणि मुलांची शाळेची वाट यांविषयी त्यांना असलेली माहिती मिश्र सभेत क्वचितच पुढे येते. भाडेकरू, हंगामी मजूर यांची नावे उताऱ्यावर नसतात. नकाशावरील नोंदीसाठी ती असण्याची अट घालू नये.

काही गोष्टी मुद्दाम नकाशावर आणू नयेत, असेही आमचे मत आहे. देवराईतील दुर्मिळ वनस्पतींची नेमकी जागा जगजाहीर झाली तर तिला जपणाऱ्यांआधी ओरबाडणारे तेथे पोचतील. तद्वत एखाद्याच्या घराविषयीची वैयक्तिक तक्रार सर्वांना दिसणाऱ्या नकाशावर टाकणे गैर होय. अशी माहिती लेखी व बंद स्वरूपात द्यावी. नोंद करणाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांकही कचेरीपुरताच राहावा. जमिनीचा प्रश्न निघाला की दडपण येते, हे कोणाला ठाऊक नाही?

नोंदीचे उत्तर

लोक खुणा करतात आणि वर्षानुवर्षे काहीच कळत नाही, असे एकदा झाले की दुसऱ्या खेपेस कोणी नकाशा उघडत नाही. येथे तंत्राचा काही दोष नसतो. कचेरीने पुढचे पाऊल टाकलेले नसते. ते टाकणे अवघडही नाही. प्रत्येक नोंदीला क्रमांक मिळावा. 'प्राप्त', 'स्थळपाहणी झाली', 'मान्य', 'अंशतः मान्य', 'अमान्य' अशी तिची अवस्था त्याच नकाशावर दिसावी. आणि अमान्य असेल तेथे दोन ओळींचे कारण असावे. जागा वनक्षेत्रात असल्याने, न्यायालयात वाद प्रलंबित असल्याने, अथवा पाहणीत माहिती वेगळी आढळल्याने, असे कोणतेही खरे कारण लोक ऐकून घेतात. मौन मात्र ते ऐकून घेत नाहीत.

यासाठी प्रत्येक तालुक्याच्या नगरनियोजन कचेरीत निदान एका कर्मचाऱ्यावर केवळ नोंदी वाचून वर्गवारी करण्याची जबाबदारी द्यावी लागेल. शंकास्पद नोंदींची पाहणी तलाठ्याने पंचायत सदस्यासमक्ष करावी. मसुद्याचा पहिला नकाशा, नोंदींसह नकाशा आणि अंतिम नकाशा हे तिन्ही पुढेही तसेच उपलब्ध ठेवावेत, म्हणजे कोणत्या जागेचा रंग केव्हा व कशामुळे बदलला हे दहा वर्षांनंतरही पाहता येईल.

ग्रामसभेचे स्थान यामुळे कमी होत नाही. मुदत संपण्यापूर्वी पंचायतीने आपल्या गावापुरत्या सर्व नोंदींची छापील प्रत काढून सभेत वाचून दाखवावी, विरोधी नोंदी असल्यास त्या दोन्ही बाजूंनी ऐकाव्यात, आणि सभेचे मत ठरावाच्या रूपाने इतिवृत्तात घ्यावे. ठरावाच्या प्रतीवर नोंदींचे क्रमांक घालून ती नियोजन कचेरीत सादर करावी व तिची पोच पंचायतीच्या दप्तरी ठेवावी.